वाचकांचे प्रश्न: परदेशी विमानं येणार का?

प्रश्न: कोल्हापूरहून बंगळुरूच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाला जायचा विचार आहे. परदेशी लढाऊ विमानं नक्की दिसतील का?

उत्तर: ‘नक्की’ हा शब्द सोडून द्या. २०२५ मध्ये हे प्रदर्शन भरलं त्या येलहंका हवाई तळावर अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ दोन्ही आली होती; असा योग दर वेळी जुळत नाही. घोषणा झाली तरी लष्करी मोहीम, बिघाड किंवा राजकारणामुळे विमान ऐनवेळी रद्द होतं. शिवाय आलेलं प्रत्येक विमान उडतंच असं नाही. काही फक्त जमिनीवर उभी असतात, तर २०२१ मधल्या बी-१बी बॉम्बरसारखी काही नुसती वरून जातात.

म्हणून तिकीट जपून निवडा. २०२५ मध्ये ‘अडवा’चं, म्हणजे उड्डाणं पाहण्यासाठीच्या खास जागेचं, तिकीट १,००० रुपयांना होतं, पण त्यावर फक्त उड्डाणं पाहता येत होती. उभी विमानं जवळून पाहायला प्रदर्शनाचं २,५०० रुपयांचं तिकीट लागायचं. तेव्हा प्रदर्शनाचे पहिले तीन दिवस व्यावसायिकांचे होते, सामान्यांसाठी शेवटचे दोन. फोटो सकाळीच काढा. दुपारी धावपट्टीवरची हवा तापून थरथरते आणि महागडी लेन्ससुद्धा धूसर चित्र देते. जेटसाठी शटर १/१००० सेकंद ठेवा, पंख्याच्या विमानाला १/२५० पुरे, त्याहून वेगवान ठेवलं तर पंखा गोठलेला दिसतो.