देणारा हात आणि नळाची चावी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. परराष्ट्र सेवेत निवड झाल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, त्याच संध्याकाळी काकूंनी देवापुढे साखर ठेवली होती. तरी तुझ्या अक्षरात वाचलं तेव्हा कुठे खरं वाटलं. ओट्यावर बसून माझ्याकडे त्रिकोणमिती शिकणारी मुलगी आता देशाच्या वतीने बोलणार!

तू विचारलं आहेस, ‘काका, परक्या देशात आपल्या देशाची प्रतिमा कशी उभी राहते? तुम्ही नेपाळात काम केलंत, तुम्हाला काय दिसलं?’ मी बांधकामातला माणूस. वाटाघाटींच्या टेबलाशी मी कधी बसलो नाही. पण जिथे मदत पोचते त्या टोकाला मी दोनदा उभा राहिलो आहे. एकदा घेणाऱ्यांच्या रांगेत आणि एकदा देणाऱ्यांच्या. तेवढ्यावरच लिहितो.

घेणाऱ्यांची रांग किल्लारीची. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या. सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होतो आणि आमचं मूळ गाव त्याच पट्ट्यातलं. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. देशभरातून, परदेशातून पैसा आला, आणि तो मनापासून आला. पण एका गावात घरांचा आराखडा कुणी दुरूनच आखून पाठवला होता. सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, आणि बैल बांधायला जागाच नाही. प्रवेशावर मात्र देणाऱ्याच्या नावाची मोठी संगमरवरी पाटी. आमच्या एका चुलत आजोबांनी ती पाटी वाचली आणि मला विचारलं, “ह्यात आपलं नाव कुठं हाय रं?” तेव्हा मी त्यांना गप्प केलं. आपल्याला फुकट घर मिळालंय, वर तक्रार कसली, असं मला वाटलं. ते कशाबद्दल बोलत होते ते कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

दुसरी रांग नुवाकोटची. 25 एप्रिल 2015 ला नेपाळात 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. नऊ हजारांच्या आसपास माणसं मेली. आपली मदत सहा तासांच्या आत काठमांडूला उतरली होती. एनडीआरएफच्या तुकड्या, हवाई दलाची विमानं, हेलिकॉप्टरं, औषधं, पाणी. एवढ्या वेगाने दुसरं कुणीही पोचलं नव्हतं आणि नेपाळी माणूस हे मान्य करतो, आजही. पण त्याच विमानांच्या मागोमाग आपले वृत्तवाहिन्यांचे कॅमेरेही गेले. ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बायांच्या तोंडापुढे माइक धरले गेले, आणि पडद्यावर दिवसरात्र एकच सूर: पाहा, भारताने नेपाळला कसं वाचवलं. आठच दिवसांत समाजमाध्यमांवर नेपाळी तरुण लिहू लागले, भारतीय माध्यमांनो, घरी जा. ज्या जवानांनी हातांनी विटा उपसल्या त्यांच्या कामावर त्या सुराने पाणी पडलं. मला याचा राग अजून येतो.

आणि मग सप्टेंबर. 20 तारखेला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. तराईतल्या, म्हणजे आपल्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी आणि थारू लोकांना ती आपल्यावर अन्याय करणारी वाटली. त्यांचं आंदोलन आधीपासून पेटलेलं होतं, त्यात चाळीसहून जास्त माणसं मारली गेली होती. बिहार-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक अडले. आपलं सरकार सांगत होतं की आम्ही काही बंद केलेलं नाही, आंदोलनामुळे पलीकडची वाट असुरक्षित आहे आणि वाहनचालक जायला तयार नाहीत. काठमांडूत ते कुणाला पटलं नाही, कारण आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही माल नेहमीसारखा येत नव्हता. नेपाळी भाषेत त्या महिन्यांना एकच शब्द आहे, नाकाबन्दी. नेपाळचं सगळं पेट्रोल, डिझेल, गॅस तेव्हा आपल्याच इंडियन ऑइलकडून जात होतं. चीनकडे जाणारा मुख्य रस्ता भूकंपाने तोडून टाकला होता. फेब्रुवारी 2016 पर्यंत, म्हणजे पूर्ण हिवाळाभर, माणसं अर्धा भरलेला गॅस सिलिंडर मिळवण्यासाठी रांगेत उभी होती.

यात चूक कुणाची किती, यावर तुझ्या खात्यातले लोक तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मधेशींची बाजू मला आजही खरी वाटते. मी सांगतोय ते वेगळं आहे.

भारताने नेपाळच्या पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलरचं वचन दिलं होतं. त्यातून गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत 50,000 घरं उभी राहिली. निवृत्तीनंतर मी त्या कामावर दोन हंगाम होतो. इथे पद्धत किल्लारीतल्या त्या गावापेक्षा शहाणी होती. घर ज्याचं त्याने बांधायचं. आम्ही पाया पाहायचा, कोपऱ्यातले उभे गज पाहायचे, खिडकीच्या वर आणि खाली भूकंपाचा आडवा पट्टा बसलाय का ते पाहायचं आणि दाखला द्यायचा. त्याप्रमाणे हप्ते सुटत. आधी 50,000, मग दीड लाख, मग एक लाख, मिळून तीन लाख नेपाळी रुपये.

एका उतारावर साठीच्या पुढच्या एक बाई घर बांधत होत्या. मुलगा कतारला, घरात सून आणि दोन नातवंडं. दगड त्यांनी जुन्या घराचेच वापरले होते, एकेक घासून, चुन्या-मातीचा थर काढून रचून ठेवलेले. मी खिडकीवरच्या पट्ट्याचं माप घेत होतो. त्या चहा घेऊन आल्या आणि दाराच्या नव्या चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, “दाइ (म्हणजे दादा), जुनी चौकट मी जाळली. नाकाबन्दीत. पडलेल्या घराचं तेवढंच लाकूड उरलं होतं. गॅस तुमच्या देशाने अडवला, आणि आता घरही तुमचाच देश देतोय. तुमचा देश एक आहे का दोन?”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. त्यांना खरोखर माहिती हवी होती. मला नाक्यावरचं सरकारी स्पष्टीकरण पाठ होतं, ते मी दिलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला.

लेकी, तुझ्या पहिल्या नेमणुकीत बरोबर काय न्यायचं असेल तर हा प्रश्न ने. मोठा शेजारी छोट्याला जे देतो ते देताना देणाऱ्याला स्वतःचा हात दिसतो. घेणाऱ्याला त्या हातातली नळाची चावीही दिसते. आपल्याला वाटतं, आपण रस्ता दिला, दवाखाना दिला, वीज दिली. त्याला ते सगळं दिसतं आणि त्याच वेळी हेही दिसतं की हे बंद करणं कुणाच्या हातात आहे. चावी आपण कधीच फिरवली नाही तर वीस वर्षांनी तो ती विसरतो. एकदा फिरवली, किंवा फिरवली असं त्याला वाटलं, की पुढची पिढीही विसरत नाही. मार्च 2016 मध्ये नेपाळचे पंतप्रधान बीजिंगला गेले आणि चीनशी मालवाहतुकीचा करार करून आले. चीनचं तियानजिन बंदर नेपाळपासून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे, कोलकाता त्यापेक्षा कितीतरी जवळ. हिशोबात तो करार बसत नव्हता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. पण अर्ध्या सिलिंडरसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं दार असल्याची खूण हवी होती. पुढे 2019 मध्ये आपण मोतिहारीपासून अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू केली. काम उत्तम झालं, टँकरची गळती आणि खर्च वाचला. पण त्या बाईंच्या डोळ्यांनी पाहा. पाइप म्हणजे सोय, आणि पाइप म्हणजे पुन्हा नळ. म्हणून त्या पाइपातून येणारं तेल एक दिवसही न थांबणं, हीच तिथली आपली सगळ्यात मोठी जाहिरात आहे.

लशीचंही असंच झालं. जानेवारी 2021 मध्ये पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड भूतान, मालदीव, नेपाळला आपण भेट म्हणून पाठवली. श्रीमंत देश साठे करून बसले होते तेव्हा. भूतानने मार्चअखेर लसीकरण सुरू केलं आणि दोन-अडीच आठवड्यांत जवळपास सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला. मला आठवतं, ती बातमी वाचून माझे डोळे भरून आले होते. मग आपल्याकडे दुसरी लाट आली. आपलीच माणसं प्राणवायूवाचून जात होती, तेव्हा लस बाहेर पाठवणं थांबवणं मला चूक वाटत नाही. पण नेपाळने मागवलेल्या 20 लाख डोसांपैकी 10 लाखच पोचले होते. पहिला डोस घेतलेली लाखो वयस्कर माणसं दुसऱ्याची वाट पाहत राहिली आणि कधी मिळेल याचं नीट उत्तर त्यांच्या सरकारलाही मिळत नव्हतं. शेवटी ती लस ऑगस्टमध्ये जपानकडून आली. आपल्या घरात आग लागली असेल तर शेजाऱ्याला ‘आता जमत नाही, अमुक महिन्यापर्यंत दुसरीकडे बघ’ असं स्पष्ट सांगता येतं. तो रागावत नाही. त्याला ताटकळत ठेवलं की मात्र आधीची भेटही त्याच्या आठवणीत आंबट होते. तुझ्या हातात कधी असा निरोप द्यायची वेळ आली तर लवकर दे, आणि स्वतः जाऊन दे.

आता एक चांगली गोष्ट, जिच्याबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत ओळही येत नाही. आपल्या लष्करातल्या गोरखा पलटणींचे लाखाहून जास्त निवृत्त सैनिक आणि त्यांच्या विधवा नेपाळात राहतात. त्यांचं निवृत्तिवेतन वाटायला काठमांडू, पोखरा आणि धरानला आपली कार्यालयं आहेत. पोखऱ्याच्या कार्यालयाबाहेर एका सकाळी मी उभा होतो. इस्त्री केलेले कोट, छातीवर पदकं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली कागदपत्रं. एका आजींच्या नवऱ्याचं नाव नोंदीत एका अक्षराने चुकलं होतं. खिडकीतला कारकून उठला, बाहेर आला, त्यांच्या शेजारी बाकावर बसला आणि अर्ज स्वतः लिहून त्यांना वाचून दाखवला. पंधरा मिनिटं गेली असतील. त्या पंधरा मिनिटांत जे घडलं ते कुठल्या महोत्सवाने किंवा भाषणाने होत नाही. नाकाबन्दीच्या वर्षात भारताबद्दल एवढा संताप होता, तरी डोंगरातल्या कित्येक घरांत आपल्या पलटणीचा फोटो भिंतीवरून उतरला नाही, कारण दर महिन्याचे पैसे ठरल्यासारखे येत राहिले होते. 2022 मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आल्यावर नेपाळातली नवी भरती थांबली आहे. ती पुन्हा सुरू होवो न होवो, पण त्या खिडकीचं मोल कळणारी माणसं दिल्लीत असायला हवीत. तू त्यातली एक हो.

पाट्यांचं तेवढं सांभाळ. आपण नेपाळला शेकडो रुग्णवाहिका दिल्या, प्रत्येकीवर भारताची भेट असं लिहिलेलं असतं. लिहावं, त्यात वाईट काही नाही. पण भंगारात गेलेल्या रुग्णवाहिकेवरही ती अक्षरं तशीच राहतात आणि गावाबाहेर गंजत उभी असलेली गाडी रोज वाचली जाते. तू कुठे असशील तिथे मागच्या पाच वर्षांत दिलेल्या वस्तूंची यादी काढ आणि शनिवार-रविवारी गुपचूप जाऊन बघून ये. चालू काय आहे, बंद काय आहे, कशाचे सुटे भाग मिळत नाहीत. उद्घाटनाचे फोटो फायलीत मिळतील. हे कुठल्याही फायलीत मिळणार नाही.

आणि जाण्याआधी एक काम इथे, आपल्याच राज्यात कर. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागा राखायला नेपाळातून माणसं येतात हे तुला माहीत आहे. मासेमारीच्या बोटींवर खलाशीही तेच. पुष्कळ जण अछाम, बाजुरा, डोटी या पश्चिमेकडच्या गरीब जिल्ह्यांतले. आपण सगळ्यांनाच गुरखा म्हणतो, आणि नाव ‘बहादूर’ ठरवून टाकतो. ही माणसं पावसाळ्यापूर्वी घरी परततात तेव्हा भारत कसा आहे हे गावाला तीच सांगतात. मालकाने ठरलेला पगार दिला का, बायको आजारी पडली तेव्हा डॉक्टरकडे कुणी नेलं, पोरांना शाळेत घेतलं का. कुठलाही राजदूत अछामच्या त्या ओसरीवर त्यांच्याइतका पोचत नाही.

माझ्या मित्राच्या बागेत एक कुटुंब आठ वर्षांपासून येतं. घरधनी उत्तम हिंदी बोलतो, थोडी मालवणीही. नाकाबन्दीच्या हिवाळ्यात त्याची आई गावी होती, त्याबद्दल तो मला एकदाच बोलला आहे. तुला कदाचित जास्त सांगेल. मी मित्राशी बोलून ठेवलं आहे, राहायची सोय बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या घरात, होईल. मोहोर राखायचं काम सुरू झालं की रात्री त्यांना उसंत नसते, तेव्हा शक्यतो डिसेंबरच्या आधी ये. येताना त्यांच्या धाकट्या मुलीसाठी चौथीची गणिताची वही आण. तिला अपूर्णांक समजत नाहीत, आणि माझ्या डोळ्यांना आता बारीक आकडे दिसत नाहीत.

तुझे,
काका