इंटरनेटवर रॅप करणारा स्वतंत्र कलाकार एकदम शूगेझकडे, म्हणजे गिटारच्या दाट गोंगाटात गाणं बुडवणाऱ्या रॉककडे, कसा वळतो?

वाटतं तेवढी मोठी उडी नाही ही. खोलीत बसून लॅपटॉपवर रॅप करणारी मुलं आवाजावर ऑटोट्यून (सूर यांत्रिकपणे बदलणारं सॉफ्टवेअर) चढवतात, बीट मुद्दाम फाटेपर्यंत वाढवतात. शूगेझमध्ये तेच काम गिटारचे पेडल (पायाने चालवायची, आवाज बदलणारी यंत्रं) करतात: फझ आवाज फाडतो, रिव्हर्ब घुमवतो, डिले त्याचे प्रतिध्वनी काढतो. गाणाऱ्याचा आवाज त्या गोंगाटात अर्धा बुडालेला. म्हणजे आवाज वाद्यासारखा वापरायची सवय आधीच लागलेली असते.

अमेरिकी संगीतकार जेन रिमूव्हरचंच बघा. २०२१ चा 'फ्रेल्टी' अल्बम बराचसा डिजिटल, तुकड्या-तुकड्यांचा. २०२३ च्या 'सेन्सस डेझिग्नेटेड'मध्ये गिटारच्या भिंती आणि लांबलचक गाणी.

खरी अडचण शब्दांची. रॅपमध्ये ते सगळ्यात पुढे असतात, इथे मागे ढकलावे लागतात. दोन मिनिटांत उरकायची सवयही मोडावी लागते. शिवाय स्टेजवर नुसता ट्रॅक लावून भागत नाही, बँड जमवावा लागतो. (शूगेझ हे नावच मुळात खाली मान घालून पेडलकडे बघत वाजवणाऱ्यांची ब्रिटिश संगीतपत्रांनी उडवलेली टर आहे.)

मूळ आवाज कळायला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा १९९१ चा 'लव्हलेस' अल्बम ऐका, तोही हेडफोन लावून. फोनच्या स्पीकरवर नुसती खरखर वाटेल.