जंप परत हवेत, पण मोजूनमापून बांधलेले

प्रश्न : माझा मुलगा कुटुंबासह अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतो. पंधरा वर्षांची नात हिवाळाभर शनिवार-रविवार घराजवळच्या स्की रिसॉर्टवर स्नोबोर्ड करते, म्हणजे एका फळीला दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरते. तिथल्या टेरेन पार्कमध्ये, म्हणजे कसरतींसाठी राखलेल्या उतारावर, पूर्वी बर्फाचे लहानमोठे जंप बांधलेले असत. व्यवस्थापनाने ते काढून टाकले आणि वरून घसरत जाण्याचे लोखंडी रेल व बॉक्स तेवढे ठेवले. जंप परत बांधावेत असा अर्ज नातीने व तिच्या मैत्रिणींनी तयार केला असून तो तिने मला वाचायला पाठवला आहे. मुलगा म्हणतो, गेले ते बरेच झाले. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो. या खेळाची मला काहीच माहिती नाही. नातीची बाजू घ्यावी का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जरूर घ्यावी. मात्र त्याआधी तुमच्या चिरंजीवांच्या काळजीला तिचा मान दिला पाहिजे, कारण ती निराधार नाही. रेल किंवा बॉक्सपेक्षा जंपवर दुखापतीचा धोका अधिक असतो आणि टेरेन पार्कमधल्या दुखापतींत डोके व पाठ यांचे प्रमाण साध्या उतारापेक्षा जास्त आढळते. वॉशिंग्टन राज्यातील स्नोक्वाल्मी येथे २००४ मध्ये एक तरुण स्कीअर जंपवरून उतरणीच्याही पलीकडे, सपाट भागावर आदळला आणि कायमचा अपंग झाला. २००७ मध्ये ज्यूरीने त्याला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. अशा निकालांनंतर विमा आणि कोर्टकचेऱ्या यांच्या धास्तीने एखाद्या व्यवस्थापनाने जंपच नको म्हटले, तर त्यात नवल नाही.

परंतु त्याच खटल्याकडे अभियंत्याच्या नजरेने पाहा. वाद केवळ मुलगा हवेत उडाला याचा नव्हता. जंप ज्या आकाराचा बांधला होता, त्या आकाराविषयी तो वाद होता. आणि आकार ही माणसाच्या हातातली गोष्ट आहे.

जंपचे भाग चार : वेग घेण्याचा उतार, वर वळणारा चढ, मधला सपाट माथा आणि त्यापुढची उतरण. खेळाडू उतरणीवर उतरला, तर त्याच्या खाली येण्याची दिशा आणि बर्फाचा उतार जवळजवळ समांतर असतात, म्हणून हादरा कमी बसतो. वेग कमी पडला तर तो माथ्यावर किंवा माथ्याच्या कडेवर आदळतो. वेग जास्त झाला तर उतरण ओलांडून सपाटीवर. हा हादरा मोजण्याची एक सोपी पद्धत अभियंत्यांनी रूढ केली आहे. उतरताना बर्फाला लंब दिशेने जो वेग उरतो, तेवढाच वेग सपाट जमिनीवर किती उंचीवरून पडल्यास येईल, ते काढायचे. ही समतुल्य उंची तीन मीटर आली, तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून थेट अंगणातल्या फरशीवर उडी मारण्यासारखेच ते झाले. उलट उतरणीचा आकार नीट आखला, म्हणजे लांब उडी घेणाऱ्यासाठी ती पुढे-पुढे अधिक तीव्र होत नेली, तर वेग कमी-अधिक झाला तरी ही उंची एक-दीड मीटरच्या आसपास राखता येते. हे गणित तुमच्यासारख्याने कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात तपासावे इतके सरळ आहे.

दुसरी बाब चढाच्या शेवटच्या टोकाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. चढ अगदी टोकापर्यंत वर वळत राहिला, तर तो खेळाडूला मागच्या बाजूला फिरवतो. मग पायांऐवजी पाठीवर किंवा मानेवर पडण्याची भीती असते. शेवटचा काही भाग सरळ ठेवला की हा धोका बराच घटतो. फावड्याने घाईघाईत उभारलेल्या जंपमध्ये नेमकी हीच चूक होते. म्हणूनच ‘जंप काढले, धोका संपला’ हे मला पटत नाही. स्नोबोर्डच्या स्लोपस्टाइल प्रकाराला, म्हणजे रेल आणि जंप यांवर कसरती करत उतरण्याच्या स्पर्धेला, २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये आणि बिग एअरला, म्हणजे एकाच मोठ्या जंपवरच्या कसरतीला, २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. हे सारे पाहत मोठी झालेली मुले रिसॉर्टने नकार दिला म्हणून उडी घेणे सोडत नाहीत. ती रिसॉर्टच्या हद्दीबाहेर, झाडांच्या आडोशाला स्वतः बर्फ रचतात. तिथे उतरण कोणी मोजत नाही, पडल्यावर स्की पेट्रोलचे, म्हणजे रिसॉर्टच्या बचाव पथकाचे, स्ट्रेचर लगेच येत नाही आणि कोलोरॅडोच्या डोंगरांत हिमस्खलनाचे भय वेगळेच.

अर्ज कसा असावा, याविषयी माझा आग्रह आहे. ‘आमचे जंप परत द्या’ एवढ्याच वाक्यावर कोणतेही व्यवस्थापन हलणार नाही. आधी लहान आणि मध्यम आकाराचे जंप मागावेत, मोठ्यांचा विषय पुढच्या हंगामावर सोडावा. कमी हादरा देणाऱ्या उतरणीला बर्फ जास्त लागतो, म्हणजे कृत्रिम बर्फाचा आणि बर्फ सारखा करणाऱ्या यंत्राच्या तासांचा खर्च वाढतो, हे अर्जात मोकळेपणाने मान्य करावे. ज्याच्या खिशाला चाट बसणार आहे, त्याला ते आपल्याला कळते एवढे तरी दिसले पाहिजे. प्रत्येक जंपची समतुल्य उंची लेखी नोंदवावी आणि रोज सकाळी जंप उघडण्यापूर्वी कर्मचाऱ्याने स्वतः वेग तपासावा, अशी मागणी करावी. सकाळी गोठलेला बर्फ वेगवान असतो, दुपारी उन्हाने मऊ झाला की तोच उतार मंदावतो, आणि सकाळी बरोबर उतरणारी मुलगी दुपारी माथ्यावर आदळते. बर्फ बदलला किंवा वारा वाढला की जंप बंद करण्याचा अधिकार तिथल्या कर्मचाऱ्याला असला पाहिजे आणि तो त्याने वापरला, तर मुलांनी कुरकुर करू नये, हेही अर्जातच लिहून द्यावे.

अर्जासोबत उतरणीचा एक मापासह आराखडा जोडायला नातीला मदत करा. चिरंजीवांनाही तोच दाखवा. त्यांची हरकत आकड्यांशी बोलू लागली, तर घरातला वादही निवळेल.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून खारघरला स्केटबोर्ड करतो. तो या हिवाळ्यात स्नोबोर्ड शिकायला गुलमर्गला जाणार आहे आणि जंप करायचा म्हणतो. परवानगी द्यावी का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पहिल्याच खेपेला नको. स्केटबोर्डमुळे तोल साधण्याची सवय झालेली असते, हे खरे. पण स्केटबोर्डवर गडबड झाली की पाय काढून घेता येतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय बांधलेले असतात, त्यामुळे चुकलेल्या उडीतून बाहेर पडता येत नाही. आधी बोर्डच्या दोन्ही कडांवर थांबणे आणि वळणे पक्के व्हावे, मग प्रशिक्षकाच्या नजरेखाली गुडघ्याएवढ्या उंचवट्यावरून सुरुवात करावी. बर्फाचाही भरवसा धरू नका. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा २०२५ मधला गुलमर्गचा टप्पा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला होता. थर पातळ असेल तर खालचे दगड वर येतात. अशा वेळी प्रशिक्षकाने नाही म्हटले, तर मुलाने हट्ट धरू नये, हे निघण्यापूर्वीच त्याच्याकडून कबूल करून घ्या, आणि हेल्मेट त्याच्या डोक्याच्या मापाचेच घेऊन द्या.