कोअर ९४ अंशांवर, मर्यादा १०० अंशांची

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर असून त्यावर लिनक्स आहे. व्हिडिओचे रूपांतर चालू असताना ‘सेन्सर्स’ ही आज्ञा दिली, की कोअरचे (प्रोसेसरमधील गणन करणाऱ्या भागाचे) तापमान ९४ अंश सेल्सिअस दिसते. ‘हाय’ (उच्च) आणि ‘क्रिट’ (धोक्याची पातळी) या दोन्हींपुढे १०० आकडा असतो. त्याच यादीत ‘एसीपीआयटीझेड’ या दुसऱ्या तापमानापुढे मात्र सदैव २७.८ अंश असतात. यांतले खरे काय मानावे आणि प्रोसेसरला धोका आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी २७.८ अंशांचा निकाल लावू. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीतील हवाच ३८ अंशांची असताना, त्याच हवेने थंड होणारा चालू लॅपटॉप तिच्यापेक्षा गार राहणे शक्य नाही. अनेक संगणकांत हा आकडा फर्मवेअरने (यंत्रातील अंगभूत सॉफ्टवेअरने) कायमचा भरून ठेवलेला असतो; त्याकडे दुर्लक्ष करावे.

कोअरपुढचा आकडा ‘कोअरटेम्प’ या ड्रायव्हरकडून (हार्डवेअरशी बोलणाऱ्या लिनक्सच्या भागाकडून) येतो. इंटेलचा संवेदक थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. ड्रायव्हर मर्यादेतून ते अंतर वजा करतो, म्हणजे आपले ९४ हे मूळात ‘शंभराला ६ कमी’ असे आहेत. त्यामुळे मर्यादाच चुकीची धरली गेली, तर पुढचे सर्व आकडे तेवढ्याच फरकाने चुकतात. इंटेलच्या ‘कोअर २’ या जुन्या प्रोसेसरांच्या काळात ड्रायव्हरला बहुधा ही मर्यादा अंदाजाने धरावी लागे. २००८च्या नेहालेम पिढीपासून ती प्रोसेसरच्या रजिस्टरमधून (आतल्या छोट्या नोंद-कप्प्यातून) वाचता येते. पडताळून पाहायचे असल्यास ‘एमएसआर-टूल्स’ हे पॅकेज बसवावे, ‘एमएसआर’ मॉड्यूल चढवावे आणि रूटच्या अधिकाराने सोळा-आधारी १ए२ क्रमांकाचे रजिस्टर वाचून त्यातील १६ ते २३ हे बिट पाहावेत. तेथे सोळा-आधारी ६४ आले, तर दशमानात ते १०० होतात आणि यादीतील मर्यादा बरोबर ठरते. हा संवेदक मर्यादेच्या जवळ अधिक भरवशाचा असतो, म्हणून ९४ वर विश्वास ठेवावा. संगणक निवांत असतानाच्या ३५ वर तितका ठेवू नये.

(एएमडीच्या वाचकांसाठी : तेथे ‘के१०टेम्प’ हा ड्रायव्हर असतो. रायझन ७च्या १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांत ‘टीसीटीएल’ हा तापमानाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला आहे.)

आता धोक्याविषयी. मर्यादा गाठली, की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान फार वाढत गेले, तर यंत्र बंद पडते. त्यामुळे जड कामाच्या वेळचे ९४ अंश पाहून काम थांबवण्याचे कारण नाही. माझ्या मते तापमानापेक्षा वेग किती वेळा कमी करावा लागला, हे पाहणे अधिक उपयोगाचे. ‘सिस’ फाइलव्यवस्थेत ‘डिव्हायसेस’, ‘सिस्टिम’, ‘सीपीयू’ या क्रमाने जाऊन ‘सीपीयू०’मधील ‘थर्मल_थ्रॉटल’ ही निर्देशिका उघडावी. तेथील ‘पॅकेज_थ्रॉटल_काउंट’ ही मोजणी संगणक सुरू झाल्यापासूनची असते. रूपांतराच्या आधी आणि नंतर ती टिपून ठेवावी. आकडा तोच राहिला, तर निश्चिंत असावे. तो दरवेळी शेकड्यांनी वाढत असेल, तर उष्णता बाहेर पडत नाही असे समजून प्रथम पंखा आणि झरोके यांतील धूळ काढावी; त्याने फरक न पडल्यास जाणकाराकडून थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. आधीची आणि नंतरची तुलना करताना खोलीचे तापमानही सोबत लिहावे, कारण डिसेंबरातील ८० आणि मे महिन्यातील ९४ यांमधील पुष्कळसा फरक हवेचाच असू शकतो.