अध्यक्षांची सही आणि सरकारी नोकरी

अमेरिकेतील कार्यकारी आदेश आणि तिथली सरकारी नोकरी या विषयावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकी अध्यक्षांचा कार्यकारी आदेश म्हणजे आपला जीआरच ना? मग त्याचा एवढा गवगवा का? (निवृत्त कक्ष अधिकारी, सातारा)

नातं जवळचं आहे. जीआर कायद्याने आणि सेवानियमांनी मोकळी सोडलेली जागा भरू शकतो, नियमावर मात करू शकत नाही. संतराम शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हेच सांगितलं. तिकडेही आदेशाला मर्यादा आहेत. १९५२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढून पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो रद्द ठरवला.

फरक दुसरीकडेच आहे. आपल्या कर्मचाऱ्याला बडतर्फीपासून मिळणारं संरक्षण घटनेच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे, त्यामुळे जीआर त्याला हात लावू शकत नाही. अमेरिकेत हे संरक्षण साध्या कायद्यात आहे. शिवाय कोणती पदं स्पर्धात्मक भरतीबाहेर ठेवायची, हे ठरवण्याची मुभा त्याच कायद्यांनी अध्यक्षांना दिली आहे. गवगवा आहे तो या मुभेचा.

प्रश्न : ‘शेड्यूल एफ’ म्हणजे काय? एका सहीने हजारो लोकांना घरी पाठवता येतं का? (वाचक, नागपूर)

‘शेड्यूल एफ’ हा सरकारी पदांचा एक रकाना, ज्यातल्या पदांना बडतर्फीपासूनचं नेहमीचं संरक्षण नसतं. सही माणसाला काढत नाही, ती त्याचं पद एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात टाकते. पुढचं सगळं त्यातून घडतं.

कायम झालेल्या संघीय कर्मचाऱ्याला काढायचं तर किमान ३० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. उत्तरासाठी त्याला किमान ७ दिवस मिळतात आणि वकील घेता येतो. निर्णय कारणांसह लेखी द्यावा लागतो आणि त्यावर ३० दिवसांत ‘मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डा’कडे, म्हणजे कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाकडे, अपील करता येतं. मात्र गोपनीय स्वरूपाची, धोरण ठरवणारी किंवा धोरणाचा पुरस्कार करणारी पदं कायद्याने या संरक्षणातून वगळली आहेत. हा अपवाद अध्यक्षांसोबत येणाऱ्या-जाणाऱ्या राजकीय नेमणुकांसाठी आहे, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. अशा नेमणुका साधारण चार हजार आहेत.

ट्रम्प यांच्या २१ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने ‘शेड्यूल एफ’ काढून तोच अपवाद सेवेत मुरलेल्या अधिकाऱ्यांच्या पदांनाही लावला. प्राथमिक पाहणीला ९० दिवस आणि पूर्ण आढाव्याला २१० दिवस दिले होते. पहिली मुदत १९ जानेवारी २०२१ ला संपत होती, म्हणजे बायडेन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी. त्यांनी २२ जानेवारीला आदेश मागे घेतला, तोवर एकही पद हललेलं नव्हतं. यात फसलेला भाग वेळेचा होता, रचनेचा नव्हे. रचना चांगलीच मजबूत होती.

बायडेन प्रशासनाने म्हणूनच नुसत्या उलट्या आदेशावर न थांबता एप्रिल २०२४ मध्ये रीतसर नियम केला : मनाविरुद्ध पद हलवलं तरी कमावलेलं संरक्षण जाणार नाही. आदेश एका दिवसात मागे घेता येतो. नियम बदलायचा तर मसुदा प्रसिद्ध करा, हरकती मागवा, त्यांना उत्तरं द्या, मग अंतिम नियम काढा, आणि तोही न्यायालयात टिकला पाहिजे. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी जुना आदेश नव्या नावाने जिवंत केला, पण एप्रिलमध्ये त्यांच्याही प्रशासनाला नियमाचा मसुदा काढावाच लागला. त्यात सुमारे ५० हजार पदांचा, म्हणजे संघीय नोकरदारांपैकी जवळपास २ टक्क्यांचा अंदाज दिला होता.

खरी मेख पदाच्या कर्तव्यसूचीत आहे. नियमांच्या मसुद्यात सहभाग असलेलं पद या कसोटीत बसू शकतं. म्हणजे ज्याने फाइलवर ‘हे कायद्यात बसत नाही’ असा शेरा मारायचा, त्याचीच खुर्ची सगळ्यात सैल. कामचुकारांना काढणं सोपं व्हावं ही मागणी रास्त आहे, पण त्यासाठी हा रकाना निवडणं मला चुकीचं वाटतं.

प्रश्न : मुलीकडे ग्रीन कार्ड आहे. ती तिकडच्या केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज करू शकते का? (पालक, ठाणे)

बहुतेक पदांसाठी नाही, आणि यामागेही कार्यकारी आदेशच आहे. परकीयांना सरसकट बंदी करणारा नागरी सेवा आयोगाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने जून १९७६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. आक्षेप असा की एवढा मोठा निर्णय आयोगाने आपल्या पातळीवर घेतला होता. अध्यक्ष फोर्ड यांनी २ सप्टेंबर १९७६ ला जवळजवळ तीच बंदी स्वतःच्या आदेशाने घातली. ती आजही चालू आहे.

तिने यूएसएजॉब्स या संघीय नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीत आधी नागरिकत्वाची अट पाहावी. ‘एक्सेप्टेड सर्व्हिस’मधल्या, म्हणजे स्पर्धात्मक भरतीबाहेरच्या, काही पदांवर आणि योग्य नागरिक उमेदवार मिळत नसेल तिथे वाट उघडी असते, पण अशा वेळी वार्षिक खर्च-कायद्यातली, नागरिक नसलेल्यांना पगार देण्यावरची बंधनंही तपासावी लागतात. राज्य आणि शहर सरकारांना फोर्ड यांचा आदेश लागू नाही. त्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे तिथे स्वतंत्र चौकशी करावी.

प्रश्न : बातमीत आदेश आला की त्यात दम किती आहे, हे सामान्य वाचकाने कसं ओळखायचं? (प्राध्यापक, कोल्हापूर)

शेवटून वाचा. अखेरच्या कलमात बहुधा ‘कायद्याशी सुसंगत असेल तेवढंच’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ आणि ‘यातून कोणाला दावा करण्याचा हक्क मिळत नाही’ अशी वाक्यं असतात. मग सुरुवातीचा परिच्छेद पाहा. तिथे नुसता ‘घटनेने दिलेल्या अधिकारानुसार’ एवढाच आधार आहे, की एखाद्या कायद्याचं कलम दिलं आहे? मधल्या भागात कोणी, किती दिवसांत, काय करायचं ते शोधा. नुसतं ‘प्रोत्साहन द्यावं’ असेल तर फार अपेक्षा नको.

फेब्रुवारी १९९३ मध्ये क्लिंटन यांनी एक लाख पदं कमी करण्याचा आदेश काढला, त्यात आकडा आणि मुदत दोन्ही होतं. तरी त्याला खरा जोर आला तो १९९४ च्या कायद्याने. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, २,७२,९०० पदांच्या कपातीचं लक्ष्य घातलं आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांना २५ हजार डॉलरपर्यंत देण्याची परवानगी दिली. ही परवानगी आदेशाने मिळाली नसती. दोष असा राहिला की कोणाची गरज आहे यापेक्षा जायला कोण तयार आहे, यावर बरंच ठरलं.

मूळ मजकूर ‘फेडरल रजिस्टर’ या तिथल्या राजपत्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. क्रमांक सहीनंतर तिथेच पडतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या प्रतीवर तो नसला तर गोंधळू नका. आदेश पुढे बदलला की रद्द झाला, हे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तक्त्यात क्रमांकानुसार पाहता येतं.