चिवडा सादळणार नाही, अशी पिशवी हवी

प्रश्न: आमचा बार्शीत चिवडा-फरसाणाचा छोटा कारखाना आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित-जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. विज्ञान प्रदर्शनात तिने साबुदाण्याच्या स्टार्चपासून प्लास्टिकसारखा कागद केला, बक्षीस मिळालं. तेव्हापासून ‘खाद्यपदार्थांच्या बायोप्लास्टिक पॅकिंगमध्येच करिअर’ म्हणते. एका खासगी संस्थेत त्याचा वर्षाचा कोर्स आहे, फी दीड लाख. घालू का?

उत्तर: नमस्कार दादा. दीड लाख भरू नका. बारावीनंतर वर्षभरात कुणी पॉलिमरचा (प्लास्टिक ज्या लांब साखळीच्या रेणूंचं बनतं, त्यांचा) जाणकार होत नाही.

पण लेकीचा विषय हसण्यावारी नेऊ नका. तिचा तो कागद पावसाळी हवेत हातात घेऊन बघा, चिकट लागेल. स्टार्च आणि कागद लवचिक व्हावा म्हणून त्यात घालतात ते ग्लिसरीन, दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. आता तुमच्या चिवड्याची पिशवी बघा: आतून चंदेरी, दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले. बाष्प आत शिरू नये म्हणून ती तशी करतात, आणि थर सुटे होत नाहीत म्हणून भंगारवालाही तिला हात लावत नाही. खरं कोडं इथे आहे: बाष्प अडवेल आणि कुजेलही, अशी पिशवी कशी करायची. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून होणारं पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) हे बायोप्लास्टिक काचेसारखं स्वच्छ दिसतं, कापलेल्या फळांच्या डब्याला चालतं. पण त्यातून बाष्प बऱ्यापैकी आरपार जातं आणि चिवडा सादळतो. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, म्हणजे साध्या पीएलएच्या पेल्यात उकळता चहा नको. ते कुजतं खरं, पण साधारण ५८ अंश तापमान टिकवणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात. परसातल्या खड्ड्यात महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. (ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिनही करतात, ते तर कुजतच नाही. नुसत्या ‘बायो’ शब्दावर भाळू नये.)

तेव्हा पॉलिमर किंवा अन्नतंत्र, यांतलं एक तिने नीट शिकावं, दुसरं कामापुरतं. पॉलिमरकडे ओढा असेल तर माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), जुन्या लोकांची यूडीसीटी. तिथे सीईटी किंवा जेईई लागते, गणित सोडून चालणार नाही. अन्नाकडे ओढा असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय. गुण कमी पडले तर बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि पुढे अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा. हा रस्ता लोक कमी लेखतात. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण उद्या बायोप्लास्टिकची हवा ओसरली तरी दूध, औषधं, बिस्किटं विकणाऱ्यांना पॅकेजिंगचा माणूस लागतोच.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर निव्वळ बायोप्लास्टिकचे कारखाने आपल्याकडे अजून थोडे. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीत पीएलएचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात मोठा कारखाना हाती घेतला आहे. पण तपासणीचं काम वाढणार, असा माझा होरा. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, असं छापायचं तर आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाच्या कसोट्या आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्या कसोट्या प्रयोगशाळेत कुणीतरी घ्यायला हव्यातच ना.

बारावीची परीक्षा झाली की तिला एक काम द्या. एकाच घाण्यातला चिवडा तुमच्या चंदेरी पिशवीत, साध्या पॉलिथिनमध्ये आणि तिच्या साबुदाण्याच्या कागदात प्रत्येकी शंभर ग्रॅम भरून तोंडं पक्की बंद करा. रोज सकाळी सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. वाढलेलं वजन म्हणजे ओढलेलं पाणी. शेजारी तिचा एक रिकामा कागदही ठेवा, कारण तो स्वतःच पाणी पितो. तेवढं वजा करायचं तिला सुचतं का, ते बघा. तुम्ही आधी सांगू नका.