पुण्याजवळ सामाईक सातबाऱ्यावर दोन गुंठे गुंतवणूक म्हणून घ्यावेत का?

मुंबईत नोकरी, हाताशी 18 लाख, आणि मुळशीकडचा एजंट म्हणतोय 'दोन गुंठे, सामाईक सातबारा, दोन वर्षांत डबल'. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. मी पुण्यात दस्त लिहिण्याचं काम करते, असे कागद जवळजवळ रोज टेबलावर येतात.

भाव वाढणार नाही असं मी म्हणत नाही, त्या पट्ट्यात वाढलेतच. पण उद्या हे दोन गुंठे तुम्ही विकणार कोणाला?

तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे. पुणे जिल्ह्यात सध्या प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20. त्याहून लहान तुकडा सुटा विकता येत नाही, म्हणून दहा-पंधरा अनोळखी माणसांना एकत्र करून वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतात. मग सातबाऱ्यावर सगळी नावं एका कंसात येतात आणि पुढे 'सामाईक क्षेत्र'. साइटवर चुन्याची फक्की मारून 'हा तुमचा प्लॉट' म्हणून दाखवतात, पण ती फक्की सरकारी नकाशात कुठेच नसते. स्वतंत्र पोटहिस्सा (गटाचा वेगळा नोंदलेला भाग) नाही, त्यामुळे तुमच्या तुकड्याची वेगळी सरकारी मोजणी नाही, आणि बँक सहसा कर्जही देत नाही.

स्वतःचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा कायद्याने विकता येतो, हे खरं. पण घेणारा विचारतो, नेमकी जागा कुठली? मग बाकीच्यांच्या संमतीच्या सह्या शोधायच्या. त्यातला एक दुबईत, एक वारलेला आणि त्याच्या वारसांची नोंदच नाही, तिसऱ्याला रस्त्याकडचा कोपरा हवाय. वाटप करायला जावं तर पुन्हा तुकडेबंदी आडवी येते. असे सातबारे घेऊन लोक माझ्याकडे येतात, बसतात, चहा पितात आणि तसेच परत जातात.

2025 मध्ये तुकडेबंदी सैल झाली ना, असं एजंट हमखास सांगेल. ती सवलत बिगरशेती वापरासाठी ठरवलेल्या झोनपुरती आहे. तेव्हा झोन दाखला मागा, म्हणजे ती जमीन कुठल्या वापरासाठी ठरवली आहे त्याचा सरकारी कागद. शेती झोन निघाला तर विषय संपला.

आणखी एक, तुम्ही शेतकरी आहात का? नसाल तर महाराष्ट्रात शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही (कूळ कायदा, कलम 63). 'शेतकरी दाखला आम्ही काढून देतो' हे ऐकलंत की सरळ उठा. खोट्या दाखल्यावरचा व्यवहार उघडकीस आला तर जमीन सरकारजमा होऊ शकते.

सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. बहुतेक लोक त्यात फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. खरी माहिती 'इतर हक्क' रकान्यात असते: बँकेचा बोजा, कुळाचं नाव, 'तुकडा' शेरा, आणि धरणांमुळे आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गटांवर 'पुनर्वसनासाठी राखीव'. वर भूधारणा पद्धतीत भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. खरेदी करायचीच असेल तर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून काढा, एजंटाच्या नको.

जमीनच हवी असेल तर मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट बघा, ज्याचा सातबारा स्वतंत्र आहे आणि प्रकल्प महारेरात (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाकडे) नोंदलेला आहे. 18 लाखांत तो लहान मिळेल, लांब मिळेल, पण विकता येईल. जुना फ्लॅट घेऊन भाड्याने देणं हाही पर्याय आहे. पुण्यात भाडं वर्षाला किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपासच सुटतं, त्यामुळे मोठं कर्ज काढून हे करू नका.

तूर्त एजंटाकडे फक्त जमिनीचा गट नंबर मागा, त्यावरून सातबारा तुम्हालाच बघता येईल. 'आधी साइट व्हिजिटला या, गाडी आमची, जेवण आमचं' असं उत्तर आलं तर जेवून या, चेकबुक घरी ठेवून.